एकसारख्या ओळी

सोमवार, २ जून. वरसे

आजपासून कामाला लागले. नऊ वर्षांनी. हे वाक्य लिहिताना छाती फुगायला हवी होती, पण आजचा दिवस असा गेला की ते लिहायचीच लाज वाटते.

पेणला रामवाडीत हरेशभाऊंचा गणपतीचा कारखाना आहे. वाजिद आणि ते रोह्याच्या शाळेत एका बाकावर बसायचे. वाजिदने कतारहून, दोह्यातून, त्यांना फोन करून सांगितलं, "माझी बायको कॉम्प्युटर इंजिनियर हाय, तिला दे काम." काम साधं आहे. वहीतल्या ऑर्डरी कॉम्प्युटरवर घ्यायच्या आणि मूर्ती रंगवणाऱ्यांसाठी रोज मोठ्या अक्षरांत यादी छापून द्यायची. पुण्याच्या नोकरीत असताना असलं काम मी जेवणाच्या सुट्टीत उरकलं असतं.

आज लॅपटॉप उघडला तर हातच चालेना. मी ज्या एडिटरमध्ये प्रोग्राम लिहायचे तो आता कुणी वापरत नाही. नवा उतरवून घेतला. कोरा पडदा, कडेला चार चित्रं, ओळखीचं एकही बटण नाही. हरेशभाऊ मागे येऊन उभे राहिले. "जमतंय ना वहिनी?"

"हो हो, जरा सेटिंग करतेय," मी म्हटलं. संध्याकाळच्या गाडीपर्यंत सेटिंगच केलं.

गुरुवार, ५ जून

एडिटरला वेगवेगळ्या सोयी जोडता येतात, त्यांना प्लगिन म्हणतात. आमच्या वेळी चार-दोन असायची. आता बाजार भरलाय. कंस रंगवणारं, अर्धा शब्द पुरा करणारं, चूक झाली की खाली लाल रेघ ओढणारं. तीन दिवस मी तेच बघतेय. आज चौदा झाली. पडदा आता इतका भरगच्च दिसतो की बघणाऱ्याला वाटावं, बाई मोठीच हुशार आहे. खरं सांगायचं तर त्यासाठीच चाललंय हे. प्रोग्रामची एक ओळ अजून लिहिलेली नाही.

सिदराला विचारलं. माझी धाकटी बहीण, पुण्यात याच कामात आहे. ती हसली. "आपा, चौदा? तीन-चार बस झाली गं. आणि प्रत्येकाच्या खाली काय लिहिलंय ते नीट वाचून मग टाक." हिला पहिला प्रोग्राम लिहायला मी शिकवलाय, पाटावर बसवून! फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ चिडचिड झाली. आता हिला काही विचारायचं नाही.

सोमवार, ९ जून

ईदची सुट्टी संपली. आज गिरजाबाईंशी नीट ओळख झाली. सगळे त्यांना मावशी म्हणतात. पासष्टीच्या असतील, हरेशभाऊंच्या वडिलांपासून, म्हणजे अण्णांपासून, कारखान्यात आहेत. ऑर्डरींची वही त्यांच्याकडे. कारागीर रंगवायला बसले की त्या यादी मोठ्याने वाचतात, कारण रंगाच्या हातांनी कागद कोण धरणार? आणि शेवटची डोळ्यांची आखणी त्यांचीच. मूर्ती समोर आली की आधी तिची ओळ दुसऱ्याकडून ऐकायची, मगच डोळे उघडायचे, अशी त्यांची पद्धत. तिथं दुसरा कुणी ब्रश लावत नाही.

वहीच्या डाव्या पानावर गिऱ्हाइकाचं नाव आणि गाव, उजव्या पानावर मूर्ती. 'दीड फूट, लोडाची बैठक, पिवळं पीतांबर, लाल शेला, डावी सोंड.' तश्शीच मूर्ती दुसऱ्याला हवी असली की पुन्हा सगळं लिहिलेलं. मी म्हटलं, "मावशी, पुढे नुसता आकडा टाकला तर? दोन नग, तीन नग?"

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "देवाला नग म्हणत नाय गो. ज्याच्या घरी जायचा त्याचा तो एकच. त्याची ओळ वेगळी."

हरेशभाऊपण म्हणाले, "तेवढं राहू दे वहिनी, अण्णांच्या वेळेपासून तसंच हाय." मी मान डोलावली. मनात म्हटलं, यांना कोण समजावणार.

गुरुवार, १२ जून

प्रोग्राम एकदाचा चालला! साठ ओळींचा आहे. सिदराने दुपारच्या चहाच्या आधी संपवला असता, मला चार दिवस लागले. नावांची एक फाइल, मूर्तींची एक फाइल. प्रोग्राम मूर्तींची फाइल वाचतो आणि यादी छापतो.

त्या आनंदात आणखी तीन प्लगिन टाकली. एक गडद निळ्या पडद्याचं. एक मराठी अक्षरं ठळक दाखवणारं. आणि एक यादीच्या फायलींसाठी. 'सेव्ह करताच याद्या स्वच्छ ठेवते' असं वर लिहिलं होतं आणि खाली लोकांनी भरभरून चांदण्या दिल्या होत्या. स्वच्छ म्हणजे मागचीपुढची रिकामी जागा, मोकळ्या ओळी काढत असणार. खाली लांबलचक माहिती होती. ती वाचेपर्यंत गाडी चुकली असती.

मंगळवार, २४ जून

वही उतरवून घेतेय. एक पान झालं की सेव्ह. सेव्ह केल्यावर पडदा कधीकधी टुणकन वर उडी मारतो. निळ्या पडद्याचा दोष असावा. दुसरा रंग बघायला हवा.

मंगळवार, ८ जुलै

आज बरं वाटलं. गिरजाबाई यादी वाचून झाल्यावर कागद उलटसुलट करून म्हणाल्या, "आज लवकर संपली गो यादी." मी म्हटलं, "कॉम्प्युटरची आहे ना मावशी, सुटसुटीत." त्या काहीतरी पुटपुटल्या आणि चष्मा पुसत बसल्या. गेल्या वर्षी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. आता अक्षर आणखी मोठं करून देते, म्हणजे त्यांना त्रास नको.

शुक्रवार, १ ऑगस्ट

हरेशभाऊंनी सगळ्यांसमोर पेढा दिला. "वहिनींमुळं यंदा गडबड नाय." आदेश, त्यांचा पुतण्या, तोही रंगकामाला असतो, माझा पडदा बघून म्हणाला, "काय भारी दिसतं ओ काकी, विमानात असतं तसं." बावीस प्लगिन झालीत. मला गुदगुल्या झाल्या आणि लगेच मेल्याहून मेल्यासारखं झालं. साठ ओळींचा प्रोग्राम, आणि त्याला बावीस प्लगिनांचा थाट. कुणी जाणकार आला तर पोट धरून हसेल.

मंगळवार, १९ ऑगस्ट

जसं झालं तसं लिहिते.

चतुर्थीला आठ दिवस. आज मूर्तींना नावांच्या चिठ्ठ्या बांधायला घेतल्या. चिठ्ठ्या चारशे तीस, रंगवलेल्या मूर्ती तीनशे सत्त्याऐंशी. आदेशने माळ्यावर जाऊन पाहिलं, त्रेचाळीस मूर्ती तशाच पांढऱ्या बसलेल्या. त्यांना कुणी खाली आणलंच नव्हतं.

 हरेशभाऊंनी आधी मला विचारलं, "वहिनी, यादीत सगळ्या व्हत्या ना?"

मी बघितलंसुद्धा नाही. तोंडातून निघून गेलं, "हो. कॉम्प्युटर ओळ गाळत नाही."

मग सगळ्यांनी गिरजाबाईंकडे पाहिलं. त्या हातातल्या चिठ्ठ्या एकीवर एक रचत होत्या. हरेशभाऊ सावकाश म्हणाले, "मावशी, वाचताना ओळी निसटल्या काय गो?"

"निसटल्या असतील," त्या म्हणाल्या. "एकसारख्या ओळी लागोपाठ आल्या की नजर घसरत असंल."

घरी आल्यावर मगरिबची नमाज पढून फाइल उघडली. तीनशे सत्त्याऐंशी ओळी. नावांच्या फायलीत चारशे तीस. मग त्या प्लगिनची माहिती उघडली, बारा जूनला वाचली नव्हती ती. तिसरंच वाक्य होतं. तशीच ओळ आधी येऊन गेली असेल तर ते दुसरी ओळ काढून टाकतं. यादी स्वच्छ करणं म्हणजे ते.

सेव्ह केल्यावर पडदा उडी का मारायचा तेही कळलं.

बुधवार, २० ऑगस्ट

आज जे केलं ते लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण इथं नाही तर कुठं लिहू?

पहाटे उठून ते प्लगिन काढलं, मोबाइलवर काढून ठेवलेल्या वहीच्या फोटोंवरून त्रेचाळीस ओळी परत भरल्या, कारखान्यात पोचल्याबरोबर सगळी यादी नव्याने छापली. मला एवढंच करायचं होतं की आता तरी यादी पुरी असावी. खोटं. मला ती कुणी तपासली तर पुरी दिसायला हवी होती.

हरेशभाऊंनी मागितलीच. "जरा ती यादी बघू." मी दिली. ही कालची नव्हे, आज केली आहे, हे मी बोलले नाही. जुने छापील कागद कारागिरांनी ब्रश पुसायला घेऊन कधीच संपवलेत. त्यांनी बोटाने ओळी मोजल्या आणि कागद गिरजाबाईंपुढे धरला. "हाय की सगळं यात, मावशी. हे बघ, लाल शेला, परत लाल शेला."

गिरजाबाईंनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. कितीतरी वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "हाय रे बाबा. मंग मीच."

मी तिथंच होते, दोन हातांवर.

संध्याकाळी आणखी एक प्लगिन टाकलं. फायलीतून गाळलेल्या ओळी लाल रंगात दाखवतं. आता असं पुन्हा होणार नाही.

गुरुवार, २१ ऑगस्ट

सगळे मिळून त्रेचाळीस मूर्ती रंगवायला बसलेत. शुक्रवारपर्यंत अंगाचे रंग होतील, मग शेले, दागिने, शेवटी डोळे. म्हणजे चतुर्थीपर्यंत सगळं निभावेल. कुणाचा गणपती चुकणार नाही. मी स्वतःला दिवसभर हेच सांगत होते.

गिरजाबाई सकाळी आल्या नव्हत्या. दुपारी आल्या तेव्हा हरेशभाऊ त्यांना बाजूला घेऊन बोलले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "मावशी, यंदा डोळे आदेशला करू दे. तुझी नजर दमली असंल. तू चिठ्ठ्या बांध."  त्यांनी पदराने आपला बारीक ब्रश पुसला, आदेशच्या हातात दिला आणि चिठ्ठ्यांच्या टोपलीपाशी जाऊन बसल्या. आदेशचे कान लाल झाले होते.

वाजिदचा फोन आला. हरेशभाऊंनी त्याला झालेलं सांगितलं होतं. "बरं झालं तुझी यादी व्हती, नायतर कळलं पण नसतं," तो म्हणाला. मी म्हटलं, भाजी करपतेय, ठेवते.

सिदराला फोन केला. म्हटलं, माझ्या एका मैत्रिणीचं असं असं झालंय. तिने मैत्रिणीचं नाव विचारलं नाही. मग म्हणाली, "मैत्रिणीला म्हणावं, प्लगिन न वाचता टाकणं हे कुणाचंही होतं. माझंही झालंय." आणि मग, "पण सांगायला उशीर केला तर ते प्लगिनचं राहत नाही, आपा." तिला समजलंय. मी वाढवलेली पोर मला समजून घेतेय, याची एक वेगळीच लाज.

शुक्रवार, २२ ऑगस्ट

आज सांगायचं ठरवून निघाले. नागोठण्यापर्यंत वाक्यं जुळवली. कासूला ती मोडली. पेण आलं, लोक उतरले, मी बॅग मांडीवर घेऊन बसून राहिले. गाडी सुटल्यावर हायसं वाटलं, इतकी मी भित्री आहे. हमरापूर गेलं. जित्याला उतरले. परतीच्या गाडीला वेळ होता. फलाटावर बाकावर बसून लॅपटॉप उघडला आणि उगाच प्लगिनची यादी वरखाली करत राहिले. बावीस. प्रत्येकाचं वर्णन वाचत बसले, पहिल्यांदाच. त्यातली अकरा काय करतात ते मला आजवर माहीतच नव्हतं.

पेणला गेलेच नाही. हरेशभाऊंना मेसेज केला, ताप आहे. परतीच्या गाडीने थेट घरी.

आता मोजून लिहिते. यादी पुरी आहे असं सांगितलं, ते एक. नवी यादी जुनी म्हणून दिली, ते दोन. ताप, तीन. पहिलं चुकून निघालं होतं. बाकीची दोन मी विचार करून केली. तौबा म्हणायलाही तोंड उचलत नाही.

शनिवार, २३ ऑगस्ट

सांगितलं.

पेणला उतरले आणि चालतच राहिले, थांबले असते तर परत फिरले असते. कारखान्यात सगळे होते. हरेशभाऊ कुणाशी तरी फोनवर बोलत होते, ते संपेपर्यंतही थांबले नाही. दारातूनच म्हटलं, "मावशींनी काही गाळलं नाही. ओळी माझ्याकडून गेल्या. मी एक सोय न वाचता जोडली होती, ती एकसारख्या ओळी काढून टाकत होती. मावशींच्या हातात यादी आली तीच अपुरी."

हरेशभाऊंनी फोन खाली घेतला. "पण बुधवारी तर पुरी व्हती."

"ती मी बुधवारी पहाटे केली."

त्यांना समजायला थोडा वेळ लागला. मग ते म्हणाले, "वहिनी, चार दिवस?" मी मान हलवली. त्यांनी मला शिव्या दिल्या नाहीत, वाजिदचं नावही काढलं नाही. गिरजाबाईंपाशी जाऊन उकिडवे बसले आणि म्हणाले, "मावशी, चुकलो गो." त्यांनी माफी मागितली. माझ्या वाटची.

मी टोपलीशेजारी जमिनीवर बसले. म्हटलं, "मावशी, मला माफ करा." मला रडू आलं. त्यांनी चिठ्ठीची गाठ पुरी केली आणि मग बोलल्या.

"गुरवारी सकाळी डोळ्यांच्या डाक्टरकडे जाऊन आले. त्यानं दोनदा तपासलं. म्हणला, बाई, नजर चांगली हाय, सुईत दोरा ओवाल. मला वाटलं, म्हातारीला बरं वाटावं म्हणून बोलतोय." त्यांनी पुढची चिठ्ठी उचलली. "डाक्टरचं खरं नाय धरलं गो. तुझ्या कागदाचं धरलं."

माझे डोळे पुसायला त्यांचा हात पुढे आला नाही. येऊही नये.

आदेशने ब्रश आणून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो लगेच घेतला नाही.

मंगळवार, २६ ऑगस्ट

उद्या चतुर्थी. आजही गिऱ्हाइकं येतच होती. पाटावर मूर्ती घ्यायची, तोंड रुमालाने झाकायचं आणि निघायचं. आमच्या वरसे गावचेच तिघे भेटले.

मी बावीसच्या बावीस प्लगिन काढून टाकली. पडदा पुन्हा कोरा झाला, पहिल्या दिवशीसारखा. प्रोग्राम तरीही चालतो. हरेशभाऊंनी पुढच्या वर्षीचं काही विचारलं नाही आणि मीही विषय काढला नाही. वाजिदला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तुला तेव्हाच मला सांगता नाय आलं?" 

त्रेचाळीस मूर्तींचे डोळे काल-आज झाले. काल सकाळी गिरजाबाई ब्रश घेऊन बसल्या, आणि तसाच धरून राहिल्या. आदेश यादी वाचायला पुढे झाला तर म्हणाल्या, "तिला वाचू दे. कागद नको. वही दे तिला."

म्हणून मी वहीतून वाचलं, गिरजाबाईंच्याच अक्षरातून. "दीड फूट, लोडाची बैठक, पिवळं पीतांबर, लाल शेला, डावी सोंड." त्यांनी मूर्ती निरखली, श्वास रोखला, एक डोळा उघडला, मग दुसरा. रेघ कुठेही हलली नाही. मी दुसरी ओळ वाचली. ती पहिलीसारखीच होती.

त्यांचा ब्रश वरच थांबला. "ही परत आली काय गो? का मलाच परत ऐकू आली?"

"परत आली, मावशी. ही दुसऱ्यांची आहे."

"बघ नीट."

मी वहीवर बोट ठेवून पुन्हा वाचली. मग त्यांनी डोळे उघडले.

दोन दिवस असंच चाललं. एकसारखी ओळ आली की त्या ब्रश थांबवून विचारायच्या, मी बोट ठेवून पुन्हा वाचायची. आज दुपारी शेवटच्या मूर्तीलाही त्यांनी विचारलं. आदेश बाहेर येऊन मला म्हणाला, तीस वर्षांत मावशीनं असं कधी कुणाला विचारलं नव्हतं.